अठ्ठेचाळीस तासांचे चित्रपट

मंडळी, व्याख्यानमालेची छापील पत्रिका घरोघर गेली, तेव्हा चळवळीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने मला भर रस्त्यात थांबवून विचारले, "काय हो, बोनस संपला, ग्रॅच्युइटी संपली, म्हणून आता सिनेमावर बोलणार काय?" प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. मी चित्रपटांचा जाणकार नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकणे झाले ते नगर वाचनालयात आणि औद्योगिक न्यायालयाच्या बाकांवर तारखेची वाट पाहत. परंतु 'अठ्ठेचाळीस तास' हे शब्द कानांवर पडले की कामगार संघटनेत उमेद घालविलेल्या माणसाचे कान टवकारतात. असा चित्रपटमहोत्सव आहे की जिथे प्रत्येक चित्रपट अठ्ठेचाळीस तासांतच तयार झालेला असावा लागतो, हे मी प्रथम वाचले तेव्हा माझेही तसेच झाले. मग त्याचा शोध घेत गेलो. त्या शोधात जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आरंभी एका योगायोगाकडे लक्ष वेधतो. २००१ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरात मार्क रुपर्ट नावाच्या एका चित्रपटवेड्या गृहस्थाने अठ्ठेचाळीस तासांत लघुपट करून पाहण्याची टूम काढली. लिझ लँगस्टन ह्या आपल्या सहकारी बाईंना आणि शहरातल्या आणखी काही हौशी मंडळींना त्याने त्यात ओढले. असा चित्रपट बघण्याजोगा तरी होईल काय, एवढीच त्यांची शंका होती. ह्याच वॉशिंग्टन शहरात सुमारे ब्याऐंशी वर्षांपूर्वी, १९१९ च्या ऑक्टोबरअखेर, आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले होते आणि तिने जो पहिला ठराव संमत केला तो दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम असावे हा होता. त्या अधिवेशनास हिंदी कामगारांच्या वतीने आपले नारायण मल्हार जोशी हजर होते. परंतु जगाला अठ्ठेचाळीस तास देणाऱ्या त्या ठरावात ब्रिटिश हिंदुस्थानासाठी निराळे कलम घातले गेले. इथल्या कामगाराने साठ तास राबावे! १९२२ च्या कायद्याने ते साठ तास आले, १९३४ च्या कायद्याने चोपन्न झाले आणि अठ्ठेचाळीस पदरात पडायला १९४६ साल उजाडावे लागले. १९४८ च्या कारखाना कायद्याने ते पक्के झाले. वॉशिंग्टनपासून सव्वीस-सत्तावीस वर्षे. म्हणजे एका अठ्ठेचाळीस तासांचा अर्थ 'ह्याहून अधिक राबवू नका' असा, तर दुसऱ्याचा अर्थ 'ह्याहून अधिक वेळ मिळणार नाही' असा. रुपर्ट साहेबांच्या डोक्यात १९१९ चे अधिवेशन होते असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण एकाच आकड्याच्या ह्या दोन अर्थांचे नाते काय, हा आजचा माझा विषय.

आता ह्या महोत्सवाची रीत सांगतो, कारण ती मोठी मजेची आहे. शुक्रवारी संध्याकाळी सातच्या सुमारास शहरातले सगळे संघ एके ठिकाणी जमतात. प्रत्येक संघाचा म्होरक्या टोपीतून चिठ्ठी उचलतो. त्या चिठ्ठीवर चित्रपटाचा प्रकार असतो : कुणाला रहस्यकथा, कुणाला प्रहसन, कुणाला भयपट. त्यानंतर सर्वांना मिळून सारख्याच तीन गोष्टी सांगण्यात येतात. एक पात्र, एक वस्तू आणि एक वाक्य. ह्या तिन्ही गोष्टी प्रत्येकाच्या चित्रपटात दिसल्याच पाहिजेत. कशासाठी? तर कुणी आधीच करून ठेवलेला चित्रपट आणून देऊ नये म्हणून. मतपत्रिकेवर केंद्राध्यक्षाची सही असते ना, तसाच हा प्रकार. तिथून रविवारी संध्याकाळी साडेसातपर्यंत कथा लिहायची, पाठ करायची, चित्रण करायचे, संकलन करायचे, संगीत चढवायचे आणि चित्रपट आयोजकांच्या हाती ठेवायचा. लांबी चार मिनिटांहून कमी नको, सातांहून जास्त नको. माणसे, यंत्रे आणि जागा आधी जमवून ठेवायला हरकत नाही. लिहिणे मात्र शुक्रवारच्या घंटेनंतरच. उशिरा आलेला चित्रपट फेकून देत नाहीत. तो पडद्यावर दाखवितात, पण मुख्य पारितोषिकाच्या पंक्तीला बसवीत नाहीत. हा नियम मला फार आवडला. हजेरीला पाच मिनिटे उशीर झाला म्हणून अर्ध्या दिवसाचा रोज कापणारे मुकादम मी पाहिलेले आहेत.

आठवड्याच्या आत हे सारे चित्रपट शहरातल्या चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवितात. एका शहरातून दुसऱ्या शहरात, एका देशातून दुसऱ्या देशात ही टूम गेली. २००९ साली शहाऐंशी नव्हे, पण शहात्तर शहरांत मिळून सुमारे तीन हजार चित्रपट झाले आणि चाळीस हजारांच्या आसपास माणसांनी त्यांत हात घातला. मुंबईचेही नाव त्या शहरांच्या यादीत चढले. शहराशहरांतले विजेते पुढे 'फिल्मापलूझा' नावाच्या वार्षिक मेळाव्यात एकत्र येतात आणि त्यांतले निवडक चित्रपट फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या लघुपट विभागापर्यंत पोहोचतात.

हे २००१ साली का घडले आणि १९७१ साली का घडले नाही, हेही समजून घेतले पाहिजे. कारण यंत्रात आहे. फितीवर चित्रण होत असे तोवर ती फीत प्रयोगशाळेत धुवावी लागे, तिची प्रत काढावी लागे. आपले सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ह्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. पण ती फीत धुण्यासाठी बोटीने विलायतेला पाठवावी लागली. कुस्ती काही मिनिटांत निकाली निघाली असेल. तिचे चित्र दिसायला समुद्र दोनदा ओलांडावा लागला. पुढे शंभर वर्षांनी अंकीय कॅमेरा हातात आला, घरच्या संगणकावर संकलन होऊ लागले आणि प्रयोगशाळा मधून गळून पडली. दोन दिवसांत चित्रपट करणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले ते तेव्हा.

तथापि घाईचा चित्रपट ही अमेरिकनांनी लावलेली नवी कलम आहे असे समजू नये. चित्रपट जन्मला तोच घाईत! १८९५ च्या जूनमध्ये फ्रान्समधल्या लिओं शहराजवळ छायाचित्रकारांची परिषद भरली होती. लुई ल्युमिएर ह्यांनी परिषदेचे प्रतिनिधी बोटीतून उतरत असताना त्यांचे चित्रण केले आणि एक-दोन दिवसांतच ते त्याच प्रतिनिधींना पडद्यावर दाखविले. पॅरिसचा तो जगप्रसिद्ध तिकिटाचा खेळ व्हायला अजून सहा महिने होते. त्यांचे यंत्र चित्र घेणारे, प्रत काढणारे आणि पडद्यावर दाखविणारे असे तिहेरी होते, म्हणून ते साधले. पुढच्याच वर्षी, ३ जून १८९६ रोजी, इंग्लंडात रॉबर्ट पॉल ह्यांनी एप्समची डर्बी शर्यत टिपली. युवराजाचा पर्सिमन हा घोडा जिंकला होता. पॉल रातोरात लंडनला परतले, फीत धुतली, वाळविली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती शर्यत अलहम्ब्रा नाट्यगृहात दाखविली. प्रेक्षकांनी ती पुन्हा पुन्हा दाखवायला लावली. ही घाई बाजाराची होती. बातमी शिळी होण्याआधी विकली पाहिजे, हा तिचा हिशेब.

दुसऱ्या एका घाईची गोष्ट मला ह्याहून अधिक विचार करायला लावणारी वाटते. १९३२ साली सोव्हिएत रशियात अलेक्सांद्र मेदवेदकिन नावाच्या तरुण दिग्दर्शकाने एक आगगाडीच चित्रपटाचा कारखाना म्हणून सजविली. तीन डबे, बत्तीस माणसे. एका डब्यात राहायचे, एकात फिती धुण्याची सोय, एकात संकलन आणि खेळ. गाडी खाणींवर जाई, पोलादाच्या कारखान्यांवर जाई, सामुदायिक शेतांवर जाई. आज चित्रण, उद्या खेळ, असा त्यांचा बाणा होता. कामगारांनी आज आपले काम करावे आणि उद्या आपल्यालाच पडद्यावर पाहावे, मग दिवे लावून त्यावर सभा घ्यावी. वर्षभरात सत्तरच्या आसपास लघुपट त्यांनी केले. खाणकामगारांच्या राहत्या घरांची अवस्था काय आहे हेही एका लघुपटात दाखविले. ह्या फिती पुष्कळ वर्षे हरवल्या असेच समजले जाई. पुढे त्यांतल्या काही संग्रहालयांतून सापडल्या.

तरुणपणी मी ह्या गाडीविषयी वाचले तेव्हा भारावून गेलो होतो. आजही तिच्यातल्या कारागिरांविषयी मला आदर आहे. परंतु आपण कामगारांनी दुसरी बाजूही उघड्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे. गाडी सरकारची होती आणि कोणत्या रुळांवर जायचे हे सरकार ठरवी. उत्पादन मागे का पडले, आळशी कोण, ढिसाळ कारभार कुणाचा, हे तिने बेधडक दाखविले. पण कामाचा उंच लक्ष्यांक ठरविणाऱ्यावर कॅमेरा रोखण्याची तिला मोकळीक नव्हती. ती ज्या युक्रेनमध्ये फिरली त्याच युक्रेनमध्ये १९३२-३३ साली सरकारने धान्य उचलून नेल्यामुळे लक्षावधी शेतकरी उपासमारीने मेले. वेग होता, कौशल्य होते, हेतूही पुष्कळांचे शुद्ध होते. घड्याळ मात्र वरच्याच्या हातात होते.

हीच आगगाडी पस्तीस वर्षांनी फ्रान्समध्ये उपयोगी पडली, ती निराळ्या रीतीने. बेझांसों हे फ्रान्सचे घड्याळांचे गाव. तिथे रोदियासेता नावाची कृत्रिम धाग्याची मोठी गिरणी होती आणि १९६७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या कामगारांनी संप करून गिरणीचा ताबा घेतला. मागणी पगाराची होतीच, पण खरे दुखणे पाळ्यांचे होते. काही दिवस सकाळची, काही दिवस दुपारची, मग रात्रपाळी. नवरा घरी येतो तेव्हा बायको कामाला निघते. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही हे नव्याने सांगायला नको. क्रिस मार्कर ह्या दिग्दर्शकाने व मारियो मारे ह्या त्यांच्या सहकाऱ्याने तिथे जाऊन अनुबोधपट केला. १९६८ साली तो कामगारांना दाखविला, तेव्हा कामगारांनी त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली. तुम्ही बाहेरून आलात, आमचे दुःख टिपून घेऊन गेलात, आमची उमेद कुठे आहे, असा त्यांचा रोख होता. मार्करांचा मोठेपणा हा की त्यांनी वाद घातला नाही, कामगारांना यंत्रे चालवायला शिकविण्याची व्यवस्था केली. त्यातून कामगारांचे स्वतःचे चित्रपटमंडळ निघाले आणि त्यांनी आपल्या मंडळाला नाव दिले मेदवेदकिनचे! त्यांच्या १९६९ सालच्या पहिल्या चित्रपटाची नायिका खरीखुरी कामगार बाई होती : घड्याळाच्या कारखान्यातली सुझान झेदे, जिने आपल्या कारखान्यात संघटना उभी केली. हा चित्रपट पाळी संपल्यानंतरच्या, झोपेतून काढलेल्या वेळात झाला. तो दोन दिवसांत झाला नाही, व्हायची गरजही नव्हती. पण वेळ त्यांचा होता.

आता पुन्हा महोत्सवाकडे येऊ. वॉशिंग्टनच्या ह्या टूमला भावंडेही आहेत. कॅनडातल्या माँट्रिआल शहरात १९९९ साली 'किनो' नावाची चळवळ निघाली. पैसा नसला तरी चांगले करा, थोडा असला तर अधिक चांगले करा, पण आत्ताच करा, असा तिचा खाक्या. तिथे स्पर्धा नाही, पारितोषिक नाही. परगावचे लोक येतात, काही तासांत एकमेकांचे चित्रपट करून देतात. त्याच वर्षी लंडनमध्ये निघालेल्या 'स्ट्रेट एट' ह्या उपक्रमात तर सुपर आठ फितीची एकच डबी वापरायची, कापाकापी करायची नाही, आणि करणाऱ्यानेसुद्धा आपला चित्रपट प्रथम पाहायचा तो भरल्या चित्रपटगृहातच. आपल्याकडे २०११ साली अहमदाबादेत 'इंडिया फिल्म प्रोजेक्ट' सुरू झाला आणि नंतर तो मुंबईस आला. त्याने पन्नास तास दिले. दोन तास अधिक. हिंदुस्थानाला अधिक तास देण्याची जुनी परंपराच म्हणायची!

पाचसहा वर्षांमागे आमच्या भागातल्या सात मुलांनी अशाच एका स्पर्धेत नाव घातले. दोघे कॉलेजातले, एक कुरियरच्या नोकरीत, एक वायरमन, बाकीचे मिळेल ते करणारे. शनिवारी रात्री त्यांना जागा हवी होती म्हणून युनियनच्या कचेरीची किल्ली मागायला आले. मी किल्ली दिली आणि कुतूहलाने तिथेच बसून राहिलो. मी काय पाहिले ते सांगतो. दिग्दर्शक दिवा धरून उभा होता. मुख्य भूमिका करणारा पोरगा मधल्या वेळात चहा आणीत होता. ज्याला कॅमेरा येत होता त्याला वायरमन सांगत होता, आणि तो ऐकत होता. रात्री दीडच्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले की भिंतीवरचे घड्याळ प्रत्येक तुकड्यात निराळी वेळ दाखविते आहे, मग जोडताना पंचाईत होईल. त्यांनी घड्याळ उतरविले, काटे फिरवून साडेचारवर आणले, सेल काढला आणि परत टांगले. वेळेशी शर्यत करणाऱ्या त्या पोरांनी आमच्या कचेरीतले घड्याळ तेवढे बंद पाडले. पहाटे पाहतो तो चौघे जण संपाच्या वेळच्या कापडी फलकांवर आडवे झाले होते.

इतक्या वर्षांच्या अनुभवाने मी सांगतो की माणसे घाईला भीत नाहीत. घाई कुणाची आहे हे त्यांना कळावे लागते. त्या पोरांना मुदत ठाऊक होती, ती सर्व संघांना सारखी होती, मध्येच कुणी ती बदलणार नव्हते, आणि रविवारी साडेसातला ती खरोखरच संपणार होती. कारखान्यात मुदत संपत नाही. आजचे लक्ष्य गाठले की तेच उद्याची किमान अपेक्षा होऊन बसते.

त्यांचा चित्रपट अकरा मिनिटे उशिरा पोहोचला. संगणकाने शेवटी दगा दिला. तो दाखविला गेला, टाळ्याही पडल्या, पारितोषिकाचा प्रश्नच नव्हता. मला खटकले ते पुढचे. सोमवारी सकाळी तो वायरमन मुलगा मला नाक्यावर भेटला. दोन रात्री जागलेले डोळे, हातात हत्यारांची पिशवी, आणि जायचे होते चौथ्या मजल्यावर बाहेरून लाइन ओढायला. मी त्याला परत घरी पाठविले. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडाला.

हे मी उगाच भीती घालण्यासाठी सांगत नाही. १९९७ साली हॉलिवूडमध्ये 'प्लेझंटव्हिल' ह्या चित्रपटाचे काम चालू असताना एक साहाय्यक छायालेखक एकोणीस तासांचे काम आटोपून गाडी चालवीत घरी निघाला आणि वाटेत झोप लागून अपघातात गेला. हॅस्केल वेक्सलर ह्या नामांकित छायालेखकाने पुढे २००६ साली चित्रपटकामगारांच्या ह्या झोपेवरच एक अनुबोधपट केला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या सुमारे साठ हजार तंत्रज्ञांनी संपासाठी मतदान केले, तेव्हा मतदान करणाऱ्यांपैकी अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी होकार दिला. संप टळला, पण दोन पाळ्यांमध्ये दहा तासांची विश्रांती आणि आठवड्याच्या अखेरीस चोपन्न तासांची सुट्टी हे कलम करारात आले. आपल्या मुंबईतही १ ऑक्टोबर २००८ रोजी चित्रपट व दूरदर्शन-मालिकांच्या कामगारांनी थकलेला पगार आणि अमर्याद तास ह्यांसाठी काम बंद केले होते. मालिकेच्या सेटवर प्रत्येक दिवस म्हणजे अठ्ठेचाळीस तासांची स्पर्धाच असते. फक्त तिथे टोपीतली चिठ्ठी निर्माता काढतो.

महोत्सवाच्या नियमांत एक नियम असा आहे की, चित्रपटात काम करणारा प्रत्येक जण स्वयंसेवक असला पाहिजे. कुणालाही मोबदला देता कामा नये. त्यामागचा हेतू मला समजतो. पैसेवाल्या संघाने कसबी माणसे भाड्याने आणू नयेत, ह्यात न्याय आहे. परंतु संघांकडून प्रवेशशुल्क घेतात, प्रेक्षकांकडून तिकीट घेतात, आणि ज्यांच्या घामावर हा खेळ उभा राहतो त्यांच्याच नावापुढे शून्य राहते, हेही डोळ्यांआड करता येत नाही. ह्यावर उत्तर देतात की, त्यांना नाव मिळते, पुढची दारे उघडतात. उघडतात, हे खरे. गॅरेथ एडवर्ड्स ह्या इंग्रज तरुणाने २००८ साली लंडनच्या एका विज्ञानपट महोत्सवातली अशीच अठ्ठेचाळीस तासांची स्पर्धा जिंकली, दोन वर्षांत त्याचा पहिला मोठा चित्रपट आला आणि २०१४ साली 'गॉडझिला'सारखा अवाढव्य चित्रपट त्याच्या हाती सोपविण्यात आला. मला त्याचे कौतुक आहे. पण ज्या शिडीवरून एक जण वर गेला ती शिडी हजारांची आहे असे मी माझ्या सभासदांना कधी सांगितलेले नाही, इथेही सांगणार नाही.

आणि ह्या साऱ्याच्या मुळाशी असलेली एक गोष्ट चित्रपटाची माणसे सहसा बोलत नाहीत. हा महोत्सव शुक्रवारच्या संध्याकाळी सुरू होऊन रविवारच्या संध्याकाळीच का संपतो? कारण तेवढा वेळ लोकांना मोकळा असतो. तो आकाशातून पडला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. २४ एप्रिल १८९० रोजी दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि त्या वर्षीच्या १० जूनला मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी कबूल केली. त्या सभेत दोन बायका बोलल्या होत्या, हेही ध्यानात ठेवावे. ज्याला रविवार नाही त्याला हा महोत्सव नाही. आमच्या सात मुलांतल्या कुरियरवाल्याला रविवारी दुपारी हजर व्हावे लागले. चित्रपटात त्याचा आवाज आहे, चेहरा नाही.

आपल्याच शहरात दिवाळीनंतर अशी एक स्पर्धा भरवावी असे काही तरुण कार्यकर्त्यांच्या मनात आहे आणि त्यांनी आमच्या कचेरीची जागा मागितली आहे. जागा देऊ. मात्र मी त्यांना दोन सूचना लेखी दिल्या आहेत. एक, तिकिटांच्या जमेतून सभागृहाचे भाडे वजा जाता जे उरेल ते सर्व संघांत सारखे वाटावे. दुसरी, दोन्ही रात्री एक ते सहा काम बंद ठेवावे, दिवे मालवून सर्वांनी झोपावे. ह्यावर ते म्हणाले, "मग ते अठ्ठेचाळीस तास कसले? अडतीसच उरले." मी म्हटले, साठाचे अठ्ठेचाळीस करतानाही मालक असेच म्हणत होते. तिकिटांची सूचना त्यांनी मान्य केली आहे. झोपेवर वाटाघाटी चालू आहेत.